हे कुणाकडनं आलं?

लोकांच्या घरी एखादा किस्सा घडला की तो चार सणांना सांगून पुरवतात. आमच्याकडे पहिला सांगून होईपर्यंत दुसरा घडलेला असतो, आणि सांगणारा मधेच उठून गेलेला असतो! मी दौंडची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. नव्वदच्या सुमारास लग्न होऊन मांडवगण फराट्याला आले. या घरात एका जागी बसणारी माणसं दोनच, मी आणि माझे सासरे आबा. आबा फारसे बोलत नाहीत, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे.

*

हे मला बघायला दौंडला आले तेव्हाची गोष्ट. आमचे वडील गार्ड. भिंतीवरचं घड्याळ ते रोज स्टेशनच्या घड्याळाशी जुळवायचे. पोहे झाले, माझं शिक्षण विचारता विचारता हे उठले, खुर्चीवर चढले आणि घड्याळ उतरवून चक्क खोललं. "जरा आवाज येतोय," म्हणाले.

वडील खूश. मुलगा कामसू आहे! लग्न ठरलं. घड्याळाचे दोन स्क्रू मात्र यांच्या खिशातून मांडवगणला गेले. ते घड्याळ पुढे कुठल्याच गाडीशी जुळलं नाही.

*

पहिल्या दिवाळीला हे मला न्यायला मोटारसायकलवरून दौंडला आले. आम्ही एसटीनं परतलो.

मी नवी नवरी. मला वाटलं, गाडी मागाहून कुणी आणणार असेल. घरी पोचल्यावर विचारलं, तर माझ्यावरच चिडले, "अगं, मग आधी बोलायचं ना!"

*

सासूबाई तर यांच्याही वरताण. एकदा सकाळी रस्सा चुलीवर असताना म्हणाल्या, "कोथिंबीर घिऊन येते," आणि परसात गेल्या. परत आल्या त्या संध्याकाळी, कपाळभर कुंकू लावून, हातात ब्लाउजपीस.

"निमोण्याच्या लग्नाला जीप निघालेली. बस म्हणले, बसले. न्हाई कसं म्हणायचं?"

"आन् कोथिंबीर?" आबांनी विचारलं.

"अगं बाई!" म्हणाल्या आणि पुन्हा परसात गेल्या.

*

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग आमचा ओंकार तिसरीत गेला. बाईंनी त्याला चुळबुळ करतो म्हणून वर्गाबाहेर उभं केलं. थोड्या वेळानं तो शेजारच्या वर्गात बसून हजेरी देत होता! मला हसू आलं, बाईंना नाही. पुढच्या वर्षी या मुलाला घेणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

सासूबाईंनी निकाल दिला, "आमच्या खानदानात आसं कुणी न्हाई. हे दौंडकडनं आलंय. हॉस्टेलला टाका, सरळ व्हईल."

पोरगं अजून माझा पदर धरल्याशिवाय झोपत नव्हतं.

*

शेवटी मी हट्ट धरला आणि सगळे पुण्याला मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी ओंकारला तपासलं, बरंच काही विचारलं. "याला एडीएचडी म्हणतात," त्या म्हणाल्या. "लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही. आईनं वळण लावलं नाही म्हणून हे होत नाही. बरेचदा घराण्यातूनच येतं. त्याला घरीच ठेवा, आपण मार्ग काढू."

आईनं वळण लावलं नाही म्हणून नव्हे! मला तिथंच रडू फुटलं.

सासूबाईंना मात्र घराण्याचं तेवढं ऐकू आलं. "त्येच म्हणते मी! दौंडकडनं!" असं म्हणत त्यांनी खिडकी लावली, फळीवरची खेळणी लहानमोठी लावली, कोपऱ्यातला गळका नळ पिळून बंद केला.

"आजी, जरा बसता का?"

"आजी बसत न्हाई," ओंकारनं डॉक्टरबाईंना समजावलं.

डॉक्टरबाईंनी आबांकडे बघितलं. "या पहिल्यापासून अशाच आहेत?"

"लहानपणचं म्हाईत न्हाई," आबा म्हणाले. "लग्नात अंतरपाट काढला, तवा पलीकडं कुणी नव्हतं. ही वाढप्यांना मीठ दावाया गेलेली."

*

तरीही हॉस्टेलचं ठरलंच. शाळा ऐकेना, आणि आईपुढे यांचं काही चालेना. जूनमध्ये जायच्या दिवशीच यांच्या कंपनीत मशीन बंद पडली, म्हणून हे तिकडे पळाले. मी येणार नाही म्हणून सांगितलं.

"मी ठिवते पोराला," सासूबाई म्हणाल्या. "माझं काळीज काय तुझ्यासारखं लोण्याचं न्हाई."

नाव घातलेली नवी ट्रंक, ओंकार आणि सासूबाई एसटीत बसले. ओंकार खिडकी मिळाली म्हणून खूश होता. मी दिवसभर रडले. आबा शेजारी नुसते बसून राहिले.

दिवे लागायच्या वेळी एसटी आली. सासूबाई उतरल्या. त्यांच्यामागून ओंकार उतरला, हातात भेळेचा पुडा. मी धावत जाऊन त्याला उचलूनच घेतलं.

"ट्रंक कुठाय?" आबांनी विचारलं.

"ठिवली की तिकडं. कॉट बघितली, चादर घातली, सरांशी बोलले," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "आन् पोरगं ठिवायचंच ऱ्हायलं!"

ट्रंक अजून तिथंच आहे. आणायचा विषय निघाला, की सासूबाई कोथिंबीर आणायला उठतात.