शब्दांचं वाण

आमची वहिनी इंग्रजी शब्द कधी एकेकटा शिकली नाही. एकसारख्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द ती एकदम घरात घ्यायची. "या जावा हायत, भावजी," ती मला सांगायची. "आडनाव एक, पण एकीचा स्वभाव दुसरीला न्हाय." खारबावला माहेरी असताना तिचं बारावीचं इंग्रजी राहिलं होतं. ते सुटलं की बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सला जायचं, एवढंच तिच्या मनात होतं. आई मात्र म्हणायची, "दोन मुलांच्या आईनं परीक्षेला बसायचं? लोक हसतील."

तेव्हा भिवंडीत रोज लोडशेडिंग असे. गल्लीतले कापडाचे लूम थांबले की कान एकदम रिकामे व्हायचे, आणि स्वयंपाकघरातून वहिनी सुरू व्हायची. "पी-आर-ई! प्रिपेअर म्हणजे तयारी करणं. प्रिटेंड म्हणजे तयारी झाल्याचं सोंग. प्रेडिक्ट म्हणजे पुढं काय होणार ते आधीच सांगणं. भावजी, ही तर माझीच गोष्ट हाय!" मग हातातलं लाटणं बाजूला ठेवून ती पोट धरून हसायची. भाऊ शिफ्टवरून आला की विचारायची, "काय प्रिफर करनार, चहा का कॉफी?" कॉफी घरात कधीच नसायची.

त्या संक्रांतीला तिनं हळदीकुंकवाचं वाण म्हणून शब्दच वाटले. प्रत्येकीला पी-आर-ईच्या घरातला एक शब्द, अर्थासकट. अट एकच, तो उखाण्यात आला पाहिजे. शेजारच्या काकूंनी तर हट्टानं तीन मागून घेतले आणि पदर सावरून म्हणाल्या, "प्रेशर कुकरची शिट्टी झाली, प्रिपेअर केला भात, दामूराव प्रिटेंड करतात, भूकच नाही पोटात!" बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या.

आई आतच होती. बाबा गेल्यापासून ती हळदीकुंकवाला बाहेर येत नसे. वहिनी आत गेली आणि म्हणाली, "आई, शब्दाला कुंकू लागत न्हाय. चला." हात धरून तिनं आईला बाहेर आणलं.

"तुमचा शब्द प्रिव्हेंट. म्हंजे अडवणं."

आई म्हणाली, "हा नको गं. ते मी सोडलं. दुसरा दे."

वहिनीला दुसरा आठवेना. हसत, डोळे पुसत ती तिथंच उभी राहिली.

परीक्षेला आईच तिच्याबरोबर रिक्षानं गेली आणि पेपर संपेपर्यंत डबा मांडीवर घेऊन फाटकाबाहेर बसून राहिली. निकालाच्या दिवशी समोरच्या लूमवर पेढे वाटताना तिचा आवाज गल्लीभर ऐकू येत होता, "हमारी बहू इंग्लिश में निकल गयी!"

कोर्स झाल्यावर अंजूरच्या बालवाडीत शिकवायला वहिनीला थोडीच वर्षं मिळाली. मग आजारपण आलं, आणि ती गेली.

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. आम्ही निघालो, तेव्हा आई नाक्यावरच्या रिक्षात जाऊन बसली होती. भाऊ समजावू लागला, तशी ती म्हणाली, "परीक्षेला मीच सोडायला गेले होते. आताही मीच जाणार."

भाऊ तिच्या शेजारी बसला.