आळोखेपिळोखे

आमच्या पिशोरच्या घरात आळस देणं हा गुन्हा होता. सकाळी अंथरुणातून उठताना कुणी हात वर ताणले, की आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज चढायचा. अंग ताणणाऱ्याच्या घरात दळिद्र शिरतं, असं त्यांचं ठाम मत. मी शहरात आलो, चिकलठाण्याच्या कारखान्यात मशीनपुढं उभं राहून केस पांढरे केले, तरी अंग ताणायची लाज काही गेली नाही.

व्यायाम मात्र करत होतो. डॉक्टरनं साखरेची भीती घातल्यापासून रोज सकाळी मुकुंदवाडी स्टेशनच्या फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत भराभरा चालायचो. घाम निघाला की व्यायाम झाला, अशी समजूत. साखर उतरली, वजन उतरलं आणि अंगाचं लाकूड झालं. पिंढऱ्यांत गोळे यायचे. खाली बसलो तर गुडघे छातीशी, मांडी घालायचं नावच नको. एवढं चालून हेच मिळणार असेल तर झोपलेलं काय वाईट, असं वाटायचं.

आई गेल्यावर आबांना आमच्याकडं आणलं. ते खालीच जेवतात. पाय लोंबकळत ठेवून खाणं त्यांना अन्नाचा अपमान वाटतो. शिवाय शेजारी घरातलं कुणी मांडी घालून बसल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. गावाकडं आई बसायची. इथं मी टेबलाशी आणि ते खाली, भिंतीशी. बायको वाढता वाढता त्यांच्याजवळ टेकायची, पण तिचं सगळं लक्ष गॅसवरच्या तव्याकडं. आबा चतकोर भाकरी खाऊन ताटात हात धुवायचे. भूक नाही म्हणायचे. त्यांचे दंड वाळत चालले होते. हा माणूस माझ्या भरल्या घरात उपाशी मरणार, अशी धास्तीच मी घेतली.

गुडघे दाखवायला गेलो तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी जमिनीवर बसायला सांगितलं. माझी धडपड बघून विचारलं, चालून झाल्यावर अंग ताणता का? नाही म्हणालो. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. नुसत्या चालण्यानं स्नायू आखडून बसतात, असं त्या म्हणाल्या. अंग गरम असतानाच ताण द्यायचा, हळूहळू, झटका न देता, श्वास न कोंडता.

मग चालून झालं की फलाटावरच्या बाकावर टाच टेकवून वाकू लागलो. मोठं कंटाळवाणं काम. बोटं पायाच्या अंगठ्याकडं जायला तयारच नव्हती. उरलेलं घरी येऊन गच्चीवर, आबांपासून चोरून. नातवंडं व्हायच्या वयात बापाला घाबरून आळस देणारा मी एकटाच असेन. पण हळूहळू पिंढऱ्यांतले गोळे थांबले, मशीनपुढं कंबर धरून उभं राहणं कमी झालं. मांडी तेवढी अजून रुसलेली होती.

एका सकाळी पायाच्या तळव्याला तळवा लावून बसलो होतो, तर गच्चीच्या दारात आबा उभे.

"काय करायलास? आळस द्यायलास व्हय?"

आठवडाभराच्या रात्रपाळीनं मी पार पिळून निघालो होतो. थाप मारायचंही बळ उरलं नव्हतं.

"तुमच्याजवळ जेवायला बसता येत नाय मला, आबा. त्याच्यासाठी करतोय."

त्यांनी माझ्या अधांतरी गुडघ्यांकडं निरखून पाहिलं. मग म्हणाले, "बैल उठला की अंग ताणतो. नाय ताणलं तर समजायचं, दुखणं हाय. कर तू."

आणि कठड्याला धरत खाली उतरले. जन्मभर आमचे हात खाली करायला लावणाऱ्या या माणसानं बैलाला मात्र मुभा दिलेली होती. मला रागही आला आणि हसूही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका सुट्टीच्या दुपारी, मी टेबलावरचं माझं ताट उचललं आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसलो. मांडी वेडीवाकडी, एक गुडघा अधांतरी, कमरेत कळ. आबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ताटाभोवती पाणी फिरवलं आणि जेवायला लागले. मीही खात राहिलो. त्यांची चतकोर संपली. आता हात धुतील म्हणून मी तांब्या पुढं केला, तर त्यांनी तो बाजूला सारला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "अर्धी भाकर वाढ, बाई."

जेवण झाल्यावर मात्र तिला आम्हा दोघांनाही हात देऊन उठवावं लागलं.