खुर्ची ठेवावी

काकूंना कामावरून काढलं ते चोरी केली म्हणून नाही, गिऱ्हाइकाला उलट बोलल्या म्हणूनही नाही. बसल्या म्हणून! भरदुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, खुर्चीवर बसल्या. आता बोला!

कापडाचं मोठं दुकान. सगळ्या विक्रेत्या सकाळपासून काउंटरमागे ताटकळत उभ्या. अगदीच असह्य झालं की मोजायची टेप बायका मुद्दाम खाली पाडायच्या आणि शोधायच्या निमित्ताने काउंटरखाली घटकाभर उकिडव्या बसायच्या. मालक ओरडायचा, "हाताला लोणी लागलंय का गं तुमच्या?" हाताला म्हणे! पायांकडे बघतोय कोण?

बरं, खुर्च्या नव्हत्या असंही नाही. कायदाच होता तसा: दुकानात प्रत्येक विक्रेतीसाठी एक खुर्ची ठेवावी. मालकाने ठेवल्या होत्या की! मागच्या भिंतीला, एकावर एक रचून, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढता. तपासणीचे साहेब यायचे, खुर्च्या मोजायचे, मालकाच्या केबिनमध्ये ऐसपैस बसून चहा घ्यायचे आणि जायचे. त्या दुपारी काकूंच्या पोटऱ्यांत गोळे आले. त्यांनी वरची खुर्ची ओढली, प्लास्टिक टराटरा फाडलं आणि बसल्या. संध्याकाळी मालकाने घरचा रस्ता दाखवला.

घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, सगळा संसार काकूंच्या पगारावर. दीर म्हणाला, "वहिनी, माफी मागा आणि मोकळ्या व्हा."

"कसली माफी? बसले त्याची?" काकू कडाडल्या आणि कोर्टाची पायरी चढल्या.

कोर्टात मालकाचा वकील मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "कायदा म्हणतो, खुर्ची ठेवावी. आम्ही ठेवली. बसू द्यावं, असं कुठे लिहिलंय?" त्याला हे बोलताना लाजही वाटली नाही. वर साक्षीला आणलं कोणाला, तर दुकानातल्या सगळ्यात जुन्या विक्रेतीला. तिला सगळ्याजणी मोठी ताई म्हणायच्या. मान खाली घालून ती म्हणाली, "आम्हाला बसावंसं वाटतच नाही." काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईचे पाय त्यांनी स्वतः चेपून दिले होते, ती हे बोलत होती!

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून वकिलाकडे पाहिलं. "हा कायदा झाला तेव्हा त्रास कोणाला होत होता, वकीलसाहेब? खुर्च्यांना?"

वकील हातातले कागद चाळू लागला.

"दिवसभर उभं राहून माणसांचे हाल होतात, म्हणून हा कायदा आला. त्याचे शब्द तोकडे आहेत, कबूल. पण तुम्ही लावता तो अर्थ घेतला तर कायदा केला काय नि न केला काय, सारखंच. कायदा ज्यासाठी झाला ते ज्या अर्थाने साधतं, तोच अर्थ आम्ही घेणार. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसू द्यावंच लागेल. या बाईंना कामावर परत घ्या."

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात गेल्या. मालक तोंड पाडून केबिनमध्ये जाऊन बसला. काकूंनी खुर्च्या काउंटरमागे मांडल्या, पण एकीचीही बसायची हिंमत होईना. काकूंना मोठ्या ताईचा राग होताच. तरी त्यांनी तिचा दंड धरला आणि तिला खुर्चीवर बसवलं.

मोठी ताई बसली. पाय लांब केले. आणि एकदम हुंदका फुटून म्हणाली, "अगं, मग इतकी वर्षं मला उभं कशाला ठेवलं गं यांनी?"