नुसते ओठ हलव

माझा गळा गाण्यासाठी नाही, हाका मारण्यासाठी आहे. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातून मी "वहिनीऽऽ" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरची माणसंसुद्धा "काय हो?" म्हणून डोकावतात. भाऊ म्हणतो, "ताई, तुला फोन कशाला हवा?" म्हणू दे. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, मात्र कधी वैतागली नाही. ती शाळेत गाणं शिकवते, बेसूर ऐकायची तिला सवयच.

एकदा तिचा डबा घरी राहिला म्हणून मी तो द्यायला वर्गात गेले. एक पोरगी असली रेकत होती की मी तिला बाहेरच काढलं असतं. वहिनी तिच्या शेजारी बसली, तिच्याच सुरात गायला लागली आणि मग हळूच तिला घेऊन वर सरकली. पोरीला कळलंही नाही आपण कधी सुरात आलो ते. मी डबा हातात धरून बघतच राहिले.

गेल्या वर्षी वहिनीच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, गळा गेला. बोलायला घोगरा आवाज उरला, सूर काही लागेना. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, गळ्याशिवाय गाणं कसं शिकवणार? पुढच्या वर्षी ग्रंथालय सांभाळा."

"सुट्टीत संगीत शिक्षकांचं शिबिर असतं. त्यात पास झाले तर?" वहिनीनं विचारलं.

"तर गाण्याचे तास तुमचेच."

भाऊ घरी समजूत घालायला लागला, "ग्रंथालयात काय वाईट आहे? शांतता असते."

"शांतताच तर नकोय मला," ती म्हणाली आणि कागदपत्रं घेऊन बसली.

बोलून तिचा घसा दुखायचा, म्हणून तिच्या वतीनं बोलायला मी बरोबर गेले. भांडायलाही कुणीतरी हवंच की! एका कॉलेजच्या सभागृहात शिबिर होतं. खिडक्यांना पडदे नाहीत, उकाड्यानं पाठी खुर्च्यांना चिकटलेल्या, आणि जिकडेतिकडे गाण्याचे मास्तर. प्रत्येकजण दुसऱ्याच्या वर आवाज चढवत होता. कुणी कुणाचं ऐकेल तर शपथ! शिकवणारे सर शेवटी गळ्यात शिट्टी अडकवून यायला लागले. गाण्याच्या शिबिरात शिट्टी, मी कपाळाला हात लावला.

ताल, स्वरलेखन, सगळ्यात वहिनी पुढे होती. शेवटच्या दिवशी मात्र परीक्षा अशी निघाली, की वाद्याला हात न लावता, गाणं न येणाऱ्या माणसाला एक ओळ शिकवायची. कुणी कॉलेजचा माळी पकडला, कुणी शिपाई. सर वहिनीजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला यातून सूट देऊ. प्रमाणपत्रावर तसं लिहू."

"घे की!" मी म्हटलं.

"तसं लिहिलं की ग्रंथालय आलंच, वन्सं," वहिनी म्हणाली. "सर, सूट नको. मी यांना शिकवते."

यांना म्हणजे मला! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "अगं, मला शाळेत शेवटच्या रांगेत उभं करायचे. बाई सांगायच्या, तू नुसते ओठ हलव."

सगळे मास्तर हसले. त्या हसण्यावरूनच मला कळलं, की प्रत्येकानं हे कुठल्या ना कुठल्या पोराला ऐकवलेलं आहे. माझं डोकंच फिरलं. तरातरा जाऊन मी वहिनीसमोर उभी राहिले. "शिकव. बघूच."

"मला हाक मारा," ती म्हणाली.

"इथेच तर आहेस."

"घरी मारता तशी."

मारली. "वहिनीऽऽ!" पुढच्या रांगेतले दचकले. वहिनीचा हात 'वहि'ला वर होता, 'नी'ला खाली आला. पुन्हा हाक, पुन्हा हात. मग ती म्हणाली, "आता हाक तीच, शब्द वेगळे. 'जाग गं'." मी म्हटलं. हात थोडा आणखी वर गेला, मी त्याच्या मागे गेले आणि घसरले. तिनं कपाळाला आठी घातली नाही. माझा आवाज जिथे पडला तिथे तिनं हात आणला आणि तिथून मला पुन्हा वर नेलं. ओठ ती हलवत होती, आवाज माझा होता.

"जाग गं राणी, सूर्य आला." अख्खी ओळ आली. गोड नव्हती, पण ओळ होती. मागून दोघेतिघे मास्तर गायला लागले, तेही माझ्या सुरात. मेलं, मला रडूच आलं.

सरांनी विचारलं, "पण बाई, वर्गात पहिला सूर कोण देणार?"

"मुलं देतील," वहिनी म्हणाली. "मी तिथून पुढे नेईन."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली आणि प्रमाणपत्रावर सही केली. सूट नाही, शेरा नाही.

माझी पिशवी आवरेपर्यंत वहिनी फाटकापर्यंत पोचलीसुद्धा. मी पायरीवरूनच ओरडले, "वहिनीऽऽ!" तिनं मागे न बघता हात वर नेला आणि खाली आणला. मी पुन्हा हाक मारली, या वेळी तिच्या हाताबरोबर.