मिठाची वाघीण

लिमयेबाई नव्या माणसाला नावाआधी एक प्रश्न विचारत. "तुमच्या गावाहून बाहेर काय जातं?" सिलिंडर आणणारा असो की केबलवाला, सुटका नसे. त्याने कांदा म्हटलं, ऊस म्हटलं, की लगेच दुसरा प्रश्न येई. "आणि परतीच्या गाडीत काय येतं?" बहुतेक जण इथे अडकत. बाई मान हलवून म्हणत, "म्हणजे गाव अर्धंच पाहिलंय तुम्ही."

मीही अडकलो होतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि कोथरूडला त्यांच्या घरी कॉट मिळते का, ते विचारायला गेलो होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुण्यात कोणी काही विचारलं की मी आधी उत्तर मनात जुळवून बघे. मी वऱ्हाडातल्या आमच्या गावाचं नाव सांगितलं आणि बाई उठून उभ्या राहिल्या. "छोट्या लाईनवरचं? स्टेशनाला लागून कापसाचं जिनिंग आहे ते?" मी हो म्हटलं. भाड्याचं बोलणं बाजूलाच राहिलं. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं.

तिथे प्लायवूडच्या दोन टेबलांवर आमचं स्टेशन होतं. तारेएवढे रूळ, पाण्याची टाकी, मालधक्का, स्पंजचा कडुनिंब. वाफेचं इंजिन बोटभर लांबीचं. त्याच्या मागे काडेपेटीएवढ्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे. बाईंचे वडील आमच्या स्टेशनावर गुड्स क्लार्क होते. बाई सहा वर्षांच्या असताना बदली झाली आणि ते गाव सुटलं. "गाडीची शिट्टी आठवते," त्या म्हणाल्या. "पण वाघिणीचं दार कायम बंद. आत काय आहे, ते मला कोणी दाखवलं नाही."

बाई एका कारखान्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअरांची ड्रॉइंग्ज पारदर्शक कागदावर शाईने उतरवून काढायची, हे काम. मग कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि बाईंना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं त्या सांगत. तीस वर्षं एका स्टुलावर बसलेल्या बाईंना आता बसवत नसे. चहासुद्धा त्या टेबलांभोवती फेऱ्या मारत पीत. रद्दीवाल्यांकडून जुन्या बिलट्या, म्हणजे रेल्वेच्या मालाच्या पावत्या, मिळवत, निवृत्त गार्डांना पत्रं लिहीत. माहितीच्या प्रत्येक तुकड्याचं एक कार्ड करत आणि त्यावर सांगणाऱ्याचं नाव लिहीत. नावाशिवाय कार्ड नाही, कार्डाशिवाय माल नाही. "ऐकीव माल गाडीत चढत नाही, वानखडे," हे त्यांचं वाक्य मी इतकं ऐकलं की ते मला झोपेतही म्हणता आलं असतं.

जाणारा माल त्यांना सापडला होता. कापसाच्या गाठी आणि सरकी. येणारा सापडत नव्हता, आणि परतीच्या वाघिणी टेबलावर रिकाम्या उभ्या होत्या. "रिकामी गाडी कोणी हौसेने चालवत नाही. घरी विचारलंत का?" असं त्या दर रविवारी मला विचारत.

मी विचारलं नव्हतं. माझी आजी त्याच मालधक्क्यावर मजुरीला होती, हे मला ठाऊक होतं. पण बाईंना मी 'घरी शेती आहे' असं सांगून बसलो होतो. त्यात कॉलेजात नोकरभरतीला कंपन्या यायला लागल्या होत्या. वर्गातली मुलं इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायचा सराव करत होती, आणि मला 'टेल मी अबाउट युवर फॅमिली' या प्रश्नाची धास्ती बसली होती. एसटीडी बूथवरून मी घरी फोन करी तो टेस्टबद्दल सांगायला. सहाव्या रविवारी बाईंनी पुन्हा विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मंगलोरी कौलं यायची." आदल्या दिवशी कॉलेजच्या वाटेवर एका जुन्या बंगल्याचं छप्पर पाहिलं होतं, एवढाच त्याला आधार.

"कोणी सांगितलं?"

"आजीने."

बाईंनी कार्ड केलं. साक्षीदार: वानखडे यांची आजी. मग महिनाभर त्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून नखाएवढी कौलं कापत होत्या, गेरूने रंगवत होत्या आणि चिमट्याने वाघिणीत रचत होत्या. तीनशेच्या वर असतील. मी त्या खोलीत जाणं टाळू लागलो. "परीक्षा आहे का हो तुमची?" त्या विचारत. "चेहरा तसा दिसतोय."

दिवाळीत गावी गेलो, तेव्हा मात्र राहवलं नाही. आजीला कौलांचं विचारलं. ती हसायलाच लागली.

"कवेलू? कवेलू तं आपल्या इथं कुंभारच करे, बापू. गाडीत मीठ ये. मिठाची पोती. मीठ उतरलं का मी वाघीण झाडो. ओल राहिली तं कापूस खराब होये नं. फळीच्या फटीतून खारं पाणी गळे, अन् गावच्या गायी खाली येऊन चाटत उभ्या राहत. माह्या हाताले तं अशा भेगा पडत का इचारू नको." मग थांबून म्हणाली, "काहून इचारतं? तुह्या कालेजात हे शिकवते का?"

पुण्याला परतलो आणि बूटही न काढता दारातच बाईंना सगळं सांगितलं. कौलं मी बनवली, आजीने नाही. घरी शेती नाही. आजी वाघिणी झाडायची. बोलताना मला बाईंकडे बघवत नव्हतं. आता कॉट जाणार, हे मी धरूनच चाललो होतो.

बाई आत गेल्या, कौलांचं कार्ड काढून फाडलं आणि चिमट्याने एकेक कौल उपटायला लागल्या. उपटता उपटताच म्हणाल्या, "तीस वर्षं चुकलेली रेघ ब्लेडने खरवडली आहे मी. चूक निघते. खोटी रेघ काढायला गेलं की शेजारची खरीही थोडी जाते." नंतर नवं कार्ड पुढे ओढलं. "आजींचं नाव काय? नुसतं 'वानखडे यांची आजी' चालणार नाही."

मी नाव सांगितलं. 'सरस्वती'.

पुढच्या महिन्यात मालधक्क्यावर एक मिठाची वाघीण उभी राहिली, दार उघडं असलेली. खाली दोन गायी, माना वर करून. दारात लुगडं नेसलेली एक बाई, हातात झाडू.

मला खराडीच्या एका कंपनीत नोकरी लागली, तेव्हा आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिला पुण्याला आणलं. पट्टी निघाल्यावर लिमयेबाईंकडे नेलं. दोघी टेबलाशी उभ्या राहिल्या. आजीने खूप वेळ पाहिलं. गायी पाहून तिने पदर तोंडाला लावला. मग तिने बोट दाखवलं.

"बाकी सारं खरं हाय, बाई. पण मी डाव्या हातानं झाडो."

लिमयेबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "वानखडे, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. बाईंनी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं, चष्मा पुसला आणि आजीला म्हणाल्या, "सरस्वतीबाई, जरा धरून दाखवा." आजीने कोपऱ्यातला झाडू उचलला. मला वाटतं, त्या खोलीत बाईंना खाली बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दोन वर्षांनी बाई गेल्या. त्यांच्या भाच्याने ती वाघीण मला दिली. दारातल्या बाईचा झाडू डाव्या हातात आहे, आणि खांद्यापाशी ब्लेडने खरवडल्याची बारीक खूण दिसते.

अठरा वर्षं मी आजीच्या हातची भाकरी खाल्ली होती. बाईंचं सगळं आटोपून गावी गेलो, तेव्हा चुलीशी बसून पाहिलं. ती डाव्या हातानेच थापत होती.