मधली पट्टी

अक्का गेली, असा फोन आला तेव्हा मी तिरुवैयारूच्या शाळेत हिंदीच्या वह्या तपासत होतो. फोन ठेवला आणि उरलेल्या चार वह्या संपवूनच उठलो... का, ते आजही सांगता येत नाही. कमला माझी चुलत बहीण, नऊ वर्षांनी मोठी. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत ती जन्मभर पियानो वाजवत राहिली. वीणा-मृदंगाच्या आमच्या गावात तिची ओळख काय, तर ‘ती इंग्लिश पेटीवाली’! अक्काला देवनागरी वाचता येत नव्हती, म्हणून तर हे लिहायचा धीर होतोय.

पंधरा दिवस आधी भेटलो होतो. अंथरुणावर पडल्या पडल्या चादरीवर तिची बोटं चालली होती. मधेच एक बोट जोरात आपटायचं, पुन्हा पुन्हा. “ते बोट अजून ऐकत नाहीं रे, रामू,” ती म्हणाली. मी हसून विषय बदलला.

पियानो काकांच्या, म्हणजे अक्काच्या वडिलांच्या, शाळेनं काढून टाकलेला, हातगाडीवरून घरी आला. अक्का तेव्हा दहा वर्षांची. रोज पहाटे बांगड्या काढून झाकणावर ठेवायच्या आणि चार तास बसायचं. पाठ ताठ, मान स्थिर, देवापुढं बसल्यासारखी. चेन्नईच्या स्पर्धेला बारा वर्षांचा मी तिच्यासोबत गेलो होतो. तिच्या आधी एक देखणा तरुण वाजवून गेला. डोळे मिटणं काय, केस उडवणं काय, प्रत्येक सुरानंतर हात डोक्याच्या वर! अक्का माझ्या कानात म्हणाली, “इतक्या वर हात नेऊन काय काढतो, नारळ कां?” सोंगाढोंगाचा तिला मनापासून तिटकारा होता.

मग ती बसली. इतकं शांत, इतकं नितळ वाजवत होती, आणि मधेच एक सूर खाडकन उडाला. पुढं तो जेव्हा जेव्हा आला तेव्हा तेव्हा तसाच. मागच्या रांगेत कुणी टाळीही वाजवली. परीक्षकांचा शेरा आला, ‘तयारी उत्तम, पण टाळ्यांचा मोह आवरत नाही.’ परतीच्या बसमध्ये कुंभकोणम आलं. तेव्हा ती म्हणाली, “मज टाळ्यांचा मोह कां रे, रामू?” पुढं दोनदा ती गेली. दोन्ही वेळा तोच सूर, तसाच शेरा. मग वयाची अट संपली आणि तो विषय घरातून कायमचा गेला.

घरच्या पियानोची मधली एक पट्टी जड होती. जोर लावल्याशिवाय वाजायची नाही. आम्ही म्हणायचो, दमट हवेचा दोष. त्या पट्टीनं अक्काचं बोट घडवलं आणि चांगल्या पियानोवर तेच बोट तिच्यावर उलटलं, एवढं मला पुढं कळलं होतं. पण सगळं कळलं नव्हतं.

गेल्या महिन्यात पियानो एका शाळेला द्यायचा ठरला, म्हणून त्रिचीहून दुरुस्तीवाले म्हातारे आले. मधली पट्टी उचलून त्यांनी खालून खरवडून काढलं... वाळलेलं गंध, थरावर थर, आणि काळे पडलेले अक्षतांचे दाणे. आमच्याकडे सरस्वतीपूजेला पुस्तकं, वाद्यं देवापुढं मांडतात. पियानो कोण हलवणार? म्हणून गंधाची वाटी घेऊन त्याच्यापाशी जायचा मान काकूंनी पाचव्या वर्षीच मला दिला होता. कपाळाच्या मधोमध लावतात तसं मी पट्ट्यांच्या मधोमध लावायचो, चांगलं ओलं, भरपूर, आणि वर अक्षता. परवाच्या वर्षापर्यंत लावत होतो.

“अम्मांना मी तेव्हाच सांगितलं होतं,” म्हातारे तमिळमध्ये म्हणाले. अम्मा म्हणजे अक्का, आणि तेव्हा म्हणजे तिसऱ्या स्पर्धेनंतर. “साफ करू का विचारलं. त्या म्हणाल्या, आता हातच तसा झालाय, पट्टी तशीच राहू द्या. आणि आमच्या रामूला कळू देऊ नका.”

म्हणजे इतकी वर्षं मी वाटी घेऊन यायचो, तेव्हा तिला ठाऊक होतं. ती उठून बाजूला सरायची, मला जागा करून द्यायची.

पट्टी परत बसवून म्हातारे हात धुवायला आत गेले. झाकणावर तिच्या बांगड्या तशाच होत्या. मी मधल्या पट्टीवर बोट ठेवलं. नुसतं ठेवलं, आणि ती वाजली.