आमचे दिसले काय?

आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान परदेशी बोटीवर खलाशी होते. चार वर्षं त्यांचं पत्र नव्हतं. मुंबईची आगबोट आली की वहिनी रत्नागिरीच्या धक्क्यावर जायच्या आणि पडावाच्या होडीतून उतरणाऱ्या प्रत्येक खलाशाला विचारायच्या, “काय हो, आमचे दिसले काय?” नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, समोरच्याला कळणार कसं?

मी कचेरीत कारकून. बोलपट नुकतेच आले होते, पण गावात चालायची ती नाटकंच, आणि आमच्या हौशी मंडळीत विनोदी कामं मी करायचो. एका फार्सात डोक्यावर पदर घेऊन, वहिनींच्याच हेलात मी तो प्रश्न विचारला. वन्स मोअर मिळाला. दुसऱ्या दिवशी बाजारात कोणी हरवलेली छत्री शोधत होता, त्याला वाणी म्हणाला, “आमचे दिसले काय?” महिनाभरात शाळेत, कोर्टात, मासळीबाजारात तेच. चाकरमान्यांनी ते मुंबईला नेलं. गिरगावातल्या खानावळीत एक अनोळखी गृहस्थ उशिरा येणाऱ्या मित्राला तेच ओरडला, तेव्हा माझी छाती फुगली होती. खोटं कशाला सांगू?

वहिनींनी धक्क्यावर जाणं सोडलं.

पुढच्या थंडीत नाटे गावचा एक खलाशी बोटीतून उतरला. त्यानं हमालांना विचारलं, “नवऱ्याची चौकशी करत एक बाई इथं येते ना? कुठं राहते?”

हमाल हसत सुटले. “ती होय! ती नाटकातली!”

अशी खरी बाई नाहीच असं समजून बिचारा त्याच बोटीनं पुढं गावी गेला. कचेरीत हा किस्सा कुणीतरी मला गंमत म्हणून सांगितला. रविवारी मी नाटे गाठलं.

“एडनच्या इस्पितळात तापानं गेले,” खलाशी म्हणाला. “बोटीवर सगळे रत्नागिरीकरच म्हणायचे त्यांना, नाव कुणास ठाऊक. बायको धक्क्यावर असेल, तिला सांग, एवढंच बोलले.”

परत येऊन मी वहिनींना सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, “तो माणूस मला का नाही भेटला?”

“त्याला बोट गाठायची होती,” मी म्हणालो.

“मी असते हो धक्क्यावर. पण लोक हसायला लागले, भावजी.”

मला मान वर करता येईना. लोकांना हसवलं कोणी, हे त्यांना ठाऊक होतं का? विचारायचं धाडस माझं कधीच झालं नाही.